निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो नव्हे

पत्र (जानेवारी २०२२) : मुलगा, सून आणि दोन नातू लंडनहून येताहेत. सोमवारी १७ जानेवारीला रात्री साडेनऊचं विमान, मंगळवारी १८ तारखेला दुपारी मुंबईत. थोरला नातू सात वर्षांचा, धाकटा साडेतीनचा. मुलगा-सुनेचे कोविड लशीचे दोन्ही डोस झालेत. आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, जुनं. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, वर माडी. संडास-न्हाणी एकच, परड्यात. घरात ८१ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना शुगर आणि बीपी आहे. त्यांचा दुसरा डोस ९ एप्रिलला झाला. शुक्रवारी २८ तारखेला संध्याकाळी निपाणीला पुतणीचं डोहाळजेवण आहे. मुलगा म्हणतो, ‘विमानतळावर चाचणी निगेटिव्ह आली की आम्ही मोकळे, घरात कोंडून कशाला राहायचं?’ शेजारचे म्हणतात, हातावर शिक्का मारतात आणि चौदा दिवस शाळेत ठेवतात. खरं काय? सासूबाईंना नणंदेकडे साने गुरुजी वसाहतीत पाठवता येईल, पण त्या ऐकायला तयार नाहीत. — एक आई, शिवाजी पेठ

उत्तर (१२ जानेवारी २०२२; यातले सगळे नियम, दर आणि कलमं तेव्हाची)

ताई, शिक्का आणि शाळा हे २०२० चं चित्र आहे. तेव्हा परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का बसत होता. मे २०२० पासून सात दिवस स्वखर्चाने संस्थेत आणि सात दिवस घरी असा चौदा दिवसांचा नियम होता. आता तसं नाही. पण तुमचा मुलगा म्हणतो तसंही नाही. काल, म्हणजे ११ जानेवारीपासून, केंद्राचे नवे नियम लागू झालेत आणि ब्रिटन त्यांत ‘जोखमीच्या देशां’च्या यादीत आहे. तुमच्या माणसांना निघण्यापूर्वी ७२ तासांच्या आतली एक चाचणी, मुंबईत उतरल्यावर दुसरी, निगेटिव्ह आली तर सात दिवस घरात विलगीकरण, आठव्या दिवशी तिसरी चाचणी, तीही निगेटिव्ह आली तर पुढचे सात दिवस स्वतःच्या तब्येतीवर लक्ष, अशी ही साखळी आहे. मधली कडी वगळता येत नाही.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. त्याला हे पटलं नाही, तर तो माडीवर दोन दिवस बसेल आणि तिसऱ्या दिवशी रंकाळ्यावर फिरायला जाईल. चाचणी सांगते ती स्वॅब घेतला त्या घटकेची गोष्ट. विषाणू अंगात शिरल्यावर तो नाका-घशात वाढून कांडीला सापडेल इतका व्हायला दिवस लागतात. मूळ विषाणूबद्दल २०२० मध्ये झालेल्या एका विश्लेषणात, लागण झाल्यावर पहिल्या दिवशी आरटी-पीसीआर जवळजवळ शंभर टक्के वेळा चुकीने निगेटिव्ह येते, चौथ्या दिवशी ६७ टक्के, लक्षणं सुरू होतात त्या दिवशी ३८ आणि त्यानंतर तीन दिवसांनी २० टक्के, असं दिसलं होतं. ओमायक्रॉन लवकर उमटतो, साधारण तीन दिवसांत, म्हणून हे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नका. पण घडण तीच आहे. सोमवारी रात्री विमानतळावरच्या रांगेत किंवा विमानात शेजारच्याकडून लागण झाली, तर मंगळवारी दुपारी मुंबईतली चाचणी ती पकडूच शकत नाही. लंडनची चाचणी त्याआधीची लागण पकडते, मुंबईची तिथे निसटून मधल्या दोन-तीन दिवसांत वाढलेली, आणि प्रवासातली लागण पकडते ती फक्त आठव्या दिवसाची. मधले सात दिवस घरात ठेवतात ते या आंधळ्या पट्ट्यासाठी. ज्यांना प्रवासात लागण झाली नाही त्यांचे सात दिवस फुकट जातात हे खरं, पण कुणाचे फुकट गेले हे आठव्या दिवसाआधी कुणालाच सांगता येत नाही.

आता तारखा. विमान सोमवारी रात्री साडेनऊला आहे, म्हणजे ७२ तासांची खिडकी शुक्रवारी १४ तारखेला रात्री साडेनऊला उघडते. शुक्रवारी दुपारी कामावरून येता येता चाचणी केली, तर ती सहा-सात तासांनी बाद ठरते, आणि हे काउंटरवर कळतं. तास मोजायचे ते स्वॅब घेतल्यापासून, रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे. शनिवारी सकाळी दहाची वेळ घ्यावी. रिपोर्ट रविवारपर्यंत येईल आणि विमान बारा तास लांबलं तरी ७२ तास उलटणार नाहीत. तो रविवारी दुपारपर्यंत आला नाही, तर सोमवारी सकाळी काही तासांत निकाल देणारी महागडी चाचणी हा शेवटचा मार्ग. ती कुठे मिळते हे आधीच बघून ठेवायला सांगा.

तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची फुकट चाचणी प्रवासासाठी चालत नाही, खासगीच करावी लागते. घरी करतात ती पट्टीवरची चाचणीही चालत नाही, आरटी-पीसीआरच लागते. चाचणी तिघांची : मुलगा, सून आणि थोरला. पाच वर्षांखालच्या मुलांना जाण्यापूर्वीच्या आणि आल्यानंतरच्या दोन्ही चाचण्यांतून सूट आहे, म्हणून धाकट्याची नको. मात्र त्याला उतरताना किंवा घरी आल्यावर ताप-खोकला आला तर सूट संपली, त्याचीही चाचणी होते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं असतं, आणि लंडनच्या लॅबमध्ये नोंदणी करताना पोरं नुसतं नाव-आडनाव टाकतात. रिपोर्टवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीखही रिपोर्टवर छापून घ्यायला सांगा. स्वॅबची तारीख आणि वेळ दोन्ही छापलेली हवीत. नुसती तारीख असेल तर ७२ तासांवरून वाद घालत बसावं लागतं.

रिपोर्ट आला की ‘एअर सुविधा’चा अर्ज, म्हणजे परदेशातून येणाऱ्याने स्वतःची माहिती द्यायचा ऑनलाइन अर्ज. तो दिल्ली विमानतळाच्या संकेतस्थळावर आहे, म्हणून ‘आम्ही तर मुंबईला उतरतोय’ म्हणत पुष्कळ जण तो सोडून देतात. देशात कुठेही उतरा, अर्ज तोच. त्यात गेल्या चौदा दिवसांतला प्रवास लिहायचा, आणि रिपोर्ट जोडायचा असल्यामुळे अर्ज रिपोर्टनंतरच भरता येतो. मोबाइल नंबर मात्र तुमचा, कोल्हापुरात चालणारा टाकायला सांगा. लंडनचं सिम इथे बंद असतं, आणि विमानतळावरून आलेल्या यादीवरून महापालिकेचा फोन येतो तो याच नंबरवर. फोन लागला नाही की माणसं दारात येतात, आणि दारात माणसं आली की गल्ली जमते. त्या आठवड्यात अनोळखी नंबरचे फोन उचला.

मुंबईच्या चाचणीची नोंदणीही याच संकेतस्थळावर आधीच करायची. जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना मुंबईसह सहा मोठ्या विमानतळांवर ती सक्तीची आहे. साधी आरटी-पीसीआर आणि जलद आरटी-पीसीआर असे दोन पर्याय असतात. साधी स्वस्त, पण निकालाला बरेच तास. जलद कित्येक पट महाग, निकाल एक-दोन तासांत. निकाल येईपर्यंत विमानतळाबाहेर पाऊल टाकता येत नाही. दोन लहान मुलं आणि पुढे ३८० किलोमीटर रस्ता बघता इथे पैसे वाचवू नयेत असं आमचं मत. प्रतीक्षेसाठी मुलांचं खाणं, पाणी, एक जादा कपडे-जोड हातातल्या पिशवीत हवी, मोठ्या बॅगा तेव्हा सोबत नसतात.

बोर्डिंग पासचा तुकडा टाकून देऊ नका. कुणी प्रवासी पॉझिटिव्ह निघाला, तर त्याच्या रांगेतले आणि पुढच्या-मागच्या तीन-तीन रांगांतले लोक संपर्कात आले असं धरतात. आपण कितव्या रांगेत होतो हे चार दिवसांनी कुणाला आठवत नाही.

चौघांपैकी कुणी विमानतळावरच पॉझिटिव्ह निघालं तर? याचा विचार कुणी करत नाही आणि मग तिथे रडारड होते. आजच्या नियमाप्रमाणे त्या माणसाला मुंबईतच विलगीकरण केंद्रात ठेवतात आणि नमुना जनुकीय तपासणीला पाठवतात. म्हणून निघण्यापूर्वी घरातच ठरवा : थोरला पॉझिटिव्ह आला तर त्याच्याजवळ कोण थांबणार, धाकट्याला घेऊन गाडीत कोण बसणार. सामान चौघांचं मिळून दोन मोठ्या बॅगांत भरू नका. प्रत्येकाचे आठवड्याचे कपडे, औषधं, चार्जर वेगळ्या बॅगेत, म्हणजे ताटातूट झाली तरी सुनेची औषधं मुलाबरोबर केंद्रात जात नाहीत.

आणि एक विचारून घ्या, आजच. नाताळच्या सुमारास लंडनमध्ये घरोघरी कोविड होता. चौघांपैकी कुणाला डिसेंबरात होऊन गेलाय का? बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. मेलेल्या विषाणूचे तुकडेसुद्धा ती पकडते. तो माणूस कुणाला लागण करत नसतो, पण काउंटरवरच्या माणसाला ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द दिसतो आणि ‘मला होऊन गेलाय’ या दाखल्यावर आपल्या नियमात सूट नाही. असं कुणी असेल तर त्याची चाचणी आत्ताच एकदा करून बघा. पॉझिटिव्ह आलीच, तर तिकीट पुढे ढकलायला निदान पाच दिवस हातात राहतात.

मुंबईहून कोल्हापूरला आणायचं ते खासगी गाडीनेच. उजळाईवाडीच्या विमानाचं तिकीट काढू नका. मुंबईतला निकाल कधी येईल यावर ते विमान सुटायचं की चुकायचं ठरतं, शिवाय तिथे पुन्हा साठ-सत्तर माणसांत बसणं आलं. महालक्ष्मी एक्स्प्रेसही नको. गाडी घेऊन फक्त ड्रायव्हर जाऊ दे, दोन्ही डोस झालेला. आजोबांनी हार घेऊन विमानतळावर जायचं नाही. सात-आठ तास बंद गाडीत बसणं म्हणजे घरात न्यायच्या आधीच विलगीकरण मोडणं. गाडीत सगळ्यांना एन-९५ किंवा त्या तोडीचे मास्क, धाकट्याला जमेल तेवढा. एसी लावायचा तर बाहेरची हवा आत घेणाऱ्या बटणावर. तीच हवा फिरवणारं बटण बंद. समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन काचा दोन-तीन बोटं उघड्या ठेवल्या की हवा आरपार जाते. एकच काच उघडली तर नुसता आवाज होतो. जेवण घरून डब्यात पाठवा, चटणी-भाकरी चालेल, आणि गाडी थांबवून उघड्यावर खा. ढाब्यावर बसू नका.

राज्यात १० जानेवारीपासून रात्री अकरा ते पहाटे पाच संचारबंदी आहे. मुंबईतून निघायला सहा-सात वाजले तर किणी टोलनाका ओलांडेपर्यंत मध्यरात्र होते. विमानाचं तिकीट, बोर्डिंग पास आणि निगेटिव्ह रिपोर्ट पुढच्या सीटवर हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नव्हे.

घर. ताई, एका संडासाच्या घरात बाहेरून आलेले चार तरुण-लहान आणि एक ८१ वर्षांची आजी असेल, तर हलवायचं आजीला, पाहुण्यांना नव्हे. हे ऐकायला उलटं वाटतं. ‘त्यांचं घर, त्यांनी का जायचं?’ असं सासूबाई म्हणत असतील तर त्यांचंही बरोबर. पण चार माणसांना माडीवर सात दिवस कडक बांधून ठेवण्यापेक्षा एका माणसाला साने गुरुजी वसाहतीत नऊ-दहा दिवस पाठवणं जास्त खात्रीचं आहे, कारण चौघांतल्या दोघांना नियम कळत नाहीत. साडेतीन वर्षांचं पोर पणजीच्या मांडीवर बसायला जिना उतरणारच. त्यांना १७ तारखेलाच पाठवा, १८ ला पाहुणे दारात आल्यावर नव्हे. परत आणायचं ते आठव्या दिवसाचे रिपोर्ट हातात आल्यावर. ‘म्हातारीला घराबाहेर काढलं’ असं वाटू नये म्हणून नणंदेनेच येऊन न्यावं, तुम्ही नेऊन सोडू नये. एवढी युक्ती बहुतेक घरांत चालते.

त्याआधी या आठवड्यात त्यांचा तिसरा, म्हणजे ‘प्रिकॉशन’ डोस. साठीपुढच्या, आजार असलेल्या माणसांसाठी तो १० जानेवारीला सुरू झाला. अट ही की दुसऱ्या डोसला ३९ आठवडे झालेले हवेत. ९ एप्रिलपासून ३९ आठवडे ७ जानेवारीला भरले, म्हणजे त्या पात्र आहेत. पहिले दोन डोस ज्या लशीचे, तिसराही त्याच लशीचा. जाताना जुनं प्रमाणपत्र न्या. परिणाम चढायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून आज-उद्या घेतला तर त्या परत येतील तेव्हा कामाला लागलेला असेल.

माडीवर चौघं राहतील. खिडक्या दोन बाजूंच्या उघड्या ठेवा, थंडी वाजली तर जादा पांघरूण द्या पण खिडकी लावू नका. हा विषाणू हवेतून पसरतो. दाराची कडी पुसत बसण्यापेक्षा हवा खेळती ठेवण्यात जास्त फायदा आहे. जेवण जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचं, ताट ठेवणारा खाली उतरल्यावर वरच्याने घ्यायचं. भांडी साध्या साबणाने धुतली तरी पुरे. परड्यातल्या संडासासाठी वेळ बांधा : तुम्ही दोघं आधी, पाहुणे नंतर, आणि पाहुण्यांनंतर अर्धा तास दार-खिडकी उघडी. जाता-येताना मास्क. परडं उघडं असल्यामुळे तुमचं काम फ्लॅटवाल्यांपेक्षा सोपं आहे. मुलांना ऊन खायला तिथे सोडा, फक्त तेव्हा शेजारची पोरं कुंपणावर नकोत.

संक्रांत परवाच आहे आणि तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. लंडनहून पोरं आली म्हटल्यावर गल्ली येणार. दारात एक चिठ्ठी लावा, २७ तारखेनंतर या म्हणून. लपवलं तर बोभाटा जास्त होतो.

रोज सकाळ-संध्याकाळ चौघांचा ताप आणि मोठ्यांचा ऑक्सिजन वहीत लिहा. बोट गार असताना ऑक्सिमीटर खोटं कमी दाखवतो. हात चोळून, मिनिटभर थांबून बघा, नेलपॉलिश असेल तर काढून. पांढऱ्या रश्श्याचा वास येतोय म्हणजे कोविड नाही, हा गल्लीतला हिशोब आता धरू नका. ओमायक्रॉनमध्ये वास जाणं कमी दिसतं, घसा खवखवणं आणि सर्दी जास्त. मधेच कुणाला असं झालं तर आठव्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी चाचणी. मेडिकलमध्ये मिळणारं घरगुती किट पॉझिटिव्ह आलं तर पॉझिटिव्हच धरा. लक्षणं असून निगेटिव्ह आलं, तर त्यावर विसंबू नका, आरटी-पीसीआर करा.

आठवा दिवस कुठला, यावर वाद होतात. उतरल्याचा दिवस पहिला धरला तर २५ तारीख येते, शून्य धरला तर २६. आम्ही शून्य धरायला सांगू : सात दिवस पुरे भरतात आणि रिपोर्ट जास्त भरवशाचा होतो. पण २६ ला प्रजासत्ताक दिन. स्वॅब घ्यायला माणूस त्या दिवशी येतो का, हे लॅबला २० तारखेलाच विचारून ठेवा. येत नसेल तर २७ ला सकाळी लवकर. घरी येऊन स्वॅब घ्यायला लॅब ७०० रुपयांपेक्षा जास्त मागू शकत नाही, लॅबमध्ये गेलात तर ३५०. राज्याने डिसेंबरात ठरवलेले दर आहेत हे. घरीच बोलवा, रिक्षातून चौघं लॅबला जाऊ नका. रिपोर्ट आल्यावर तो एअर सुविधावर चढवायचा असतो, तेवढं विसरतं.

कुणी पॉझिटिव्ह आलं, तर त्याचे नमुना दिल्यापासून सात दिवस, आणि त्यांतले शेवटचे सलग तीन दिवस ताप नसला की विलगीकरण संपलं. पुन्हा चाचणी करायची नाही, वर सांगितलेल्या मेलेल्या तुकड्यांमुळे. तुम्ही दोघांनीही सात दिवस घरात राहायचं. धाप, छातीत दुखणं, ऑक्सिजन ९३ च्या वर न टिकणं, गुंगी, यांतलं काही दिसलं तर फोनवर सल्ला घेत बसू नका, सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा.

हे सगळं मोडलं तर काय, असं मुलगा विचारेल. १८९७ चा साथरोग कायदा आहे, भारतीय दंड संहितेची १८८, २६९ ही कलमं आहेत, आणि एअर सुविधावर त्याने स्वतः हमीपत्र दिलेलं असतं. प्रत्यक्षात गुन्हा क्वचितच दाखल होतो. हेही त्याला कळेल, म्हणून धाक दाखवू नका, वरचे टक्के दाखवा.

आता निपाणी. ती कर्नाटकात, म्हणून इथे तीन नियम एकमेकांत अडकतात. कर्नाटक महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडून ७२ तासांतला निगेटिव्ह आरटी-पीसीआर मागतं, दोन्ही डोस झालेले असले तरी. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तो बघतात. आयसीएमआरने (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) परवा, १० तारखेला, राज्याराज्यांतल्या प्रवासाला चाचणीची गरज नाही असं सांगितलंय, पण तो सल्ला आहे. नाक्यावरचा पोलीस कर्नाटकचा आदेश बघतो, कागलच्या बाजूला गाडी वळवून परत पाठवतो. दुसरं, केंद्राच्या नियमात पाच वर्षांखालच्या मुलांना सूट आहे, कर्नाटकच्या नियमात दोन वर्षांखालच्या. म्हणजे लंडन-मुंबईला ज्याची चाचणी लागली नाही, त्या धाकट्याला कोगनोळी ओलांडायला लागेल. तिसरं, शुक्रवारी रात्री दहाला तिकडे शनिवार-रविवारची संचारबंदी सुरू होते, ती सोमवारी पहाटे पाचपर्यंत. डोहाळजेवण कितीही रंगलं तरी दहाच्या आत नाका ओलांडून अलीकडे यायला हवं, नाहीतर मुक्काम सोमवारपर्यंत.

२८ ला संध्याकाळी पाचला नाका ओलांडायचा म्हटलं तर स्वॅब २५ ला संध्याकाळी पाचनंतरचा हवा. २५ ला सकाळी चाचणी केली असती तर केंद्राचं काम झालं असतं आणि कोगनोळीला तीच बाद झाली असती. २६ चा स्वॅब दोन्हीकडे चालतो. तो धरला तर धाकट्याचाही त्याच वेळी घ्या. तुम्हा दोघांनाही लागेल, ड्रायव्हरलाही. परत महाराष्ट्रात येताना मोठ्यांना दोन डोसांचं प्रमाणपत्र पुरतं, मुलांसाठी तोच रिपोर्ट हातात ठेवा.

कागदोपत्री म्हणून जाता येईल. पण आम्ही पाहुण्यांना नेऊ नका असंच म्हणू. पुतणी सातव्या-आठव्या महिन्यात असणार. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, कोविडचा त्रास जास्त वाढतो, आणि डोहाळजेवणाला प्रत्येक जण तिच्याच तोंडाजवळ जाऊन घास भरवतो. आठव्या दिवसाची निगेटिव्ह चाचणी धोका खूप कमी करते, शून्य करत नाही. त्यासाठीच तर पुढचे सात दिवस लक्ष ठेवायला सांगितलेत, १ फेब्रुवारीपर्यंत. तुम्ही दोघंही नऊ दिवस त्याच घरात असाल, म्हणून जाऊ इच्छित असाल तर ओटी भरून, मास्क न काढता, अर्ध्या तासात बाहेर या, पंगतीला बसू नका. मुलाला-सुनेला पुतणीला भेटायचंच असेल तर २ फेब्रुवारीनंतरचा दिवस ठरवा. त्यांचं परतीचं तिकीट कधीचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं बघा. आणि २६ चा रिपोर्ट तेव्हा शिळा झालेला असेल, नाक्याचा नियम तोच राहिला तर चौघांचा आणि ड्रायव्हरचा नवा स्वॅब लागेल. धाकट्याचाही.